सोन्याचे माहितीपत्रक कसे वाचावे? : वायनाड, कोलार आणि बुसांग

काही महिन्यांपूर्वी आमच्या महाविद्यालयातील एका निवृत्त सहकाऱ्यांनी माझ्यापुढे एक गुळगुळीत कागदावर छापलेली पुस्तिका ठेवली. परदेशातील एका छोट्या खनिजशोधक कंपनीची ती पुस्तिका होती. आत डोंगरांची छायाचित्रे, रंगीत नकाशे, भूगर्भशास्त्रज्ञांची नावे आणि टनामागे किती ग्रॅम सोने सापडले याचे तक्ते होते. भविष्यनिर्वाह निधीतील काही रक्कम या शेअरांत घालावी असा आग्रह त्यांच्या भाच्याने धरला होता. सहकारी म्हणाले, "सर, तुम्ही आयुष्यभर मुलांना संहिता वाचायला शिकवलंत. आता ही एक वाचा आणि सांगा, घालावेत का पैसे?"

प्रश्न अर्धा थट्टेचा होता, पण अर्धाच. शेअरबाजारातले मला काही कळत नाही. तरीही पुस्तिका वाचताना एक गोष्ट लक्षात आली, की या कंपनीपाशी विकण्यासाठी अद्याप काहीच नव्हते. तिच्यापाशी जमीन खोदून पाहण्याची परवानगी होती, थोडी यंत्रे होती आणि एक कथा होती. गुंतवणूकदाराकडून किंमत मागितली जात होती ती मुख्यतः कथेची. कथेची किंमत करणे हा तर साहित्याच्या अभ्यासकाचा जुना व्यवसाय. म्हणून मी त्यांना सल्ला देण्याऐवजी इतिहास सांगितला. तोच येथे जरा विस्ताराने मांडतो.

१

प्रथम या प्रकारच्या कंपनीचे स्वरूप ध्यानात घ्यायला हवे. खाण-व्यवसायात दोन जाती मानतात. एक मोठ्या कंपन्यांची, ज्यांच्या खाणी चालू आहेत आणि ज्यांना त्यांतून उत्पन्न मिळते. दुसरी 'ज्युनियर' म्हणवणाऱ्या छोट्या शोधक कंपन्यांची. यांना उत्पन्न नसते. शेअर विकून पैसा उभा करायचा, त्यातून जमिनीत भोके पाडायची, आशादायक नमुने मिळाले तर त्यांच्या जोरावर पुन्हा शेअर विकायचे आणि अखेर एखाद्या मोठ्या कंपनीने सगळेच विकत घ्यावे अशी वाट पाहायची, असा त्यांचा जीवनक्रम असतो. बहुतेकांच्या वाट्याला खाण येत नाही. ज्या थोड्यांना ती लाभते त्यांच्यामुळे उरलेल्यांचे शेअर खपतात.

हा जीवनक्रम आजचा नाही. आपल्याकडे तो एकोणिसाव्या शतकातच अवतरला होता आणि त्याचे दोन प्रयोग दक्षिण भारतात जवळजवळ एकाच वेळी, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या दोन ठिकाणी झाले. इतिहास अशी तुलना क्वचितच हाती देतो.

२

पहिले ठिकाण आग्नेय वायनाड, म्हणजे आजच्या निलगिरी जिल्ह्यातील देवाला आणि पंडलूरचा परिसर. येथील लोक पिढ्यान्‌पिढ्या ओढ्यांतील वाळू धुऊन सोन्याचे कण काढीत आणि डोंगरउतारावरील गारगोटीच्या शिराही खोदीत. जुन्या खोदकामाच्या खुणा जागोजाग होत्या. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विल्यम किंग यांनी १८७५ मध्ये या भागाविषयी प्राथमिक टिपण लिहिले. पुढे १८७९ मध्ये सरकारने ऑस्ट्रेलियातून रॉबर्ट ब्रॉ स्मिथ यांना पाचारण केले. ते व्हिक्टोरिया वसाहतीच्या खाण खात्याचे माजी सचिव होते. व्हिक्टोरियातील सोन्याच्या भरभराटीची कीर्ती ताजी असल्यामुळे तिथल्या तज्ज्ञाचा शब्द म्हणजे प्रमाण. त्यांचा अहवाल १८८० मध्ये प्रसिद्ध झाला. शिरा असंख्य आहेत आणि त्यांत सोने आहे, हा त्याचा सूर आशादायक होता.

लंडनच्या बाजाराला तेवढे पुरले. वर्ष-दोन वर्षांत वायनाडसाठी तिसाहून अधिक कंपन्या निघाल्या आणि त्यांचे नाममात्र भांडवल ४० लाख पौंडांच्या वर गेले. यात एक उपकथानक आहे आणि ते माहितीपत्रकांत नव्हते. वायनाडचे कॉफीचे मळे त्या सुमारास पानांवरील रोगाने आणि खोडकिड्याने खंगले होते. तोट्यातला मळा विकायचा असलेल्या मालकाला आपल्या जमिनीखाली सोने असल्याचा शोध फार सोयीचा होता. मळे भरमसाट किमतीला नव्या कंपन्यांनी घेतले आणि भागधारकांच्या पैशाचा मोठा हिस्सा जमीन विकणाऱ्यांच्या व प्रवर्तकांच्या खिशात गेला. खडकापर्यंत पोहोचला तो उरलासुरला.

रानातल्या पंडलूरला काही काळ शहरी कळा आली. यंत्रे समुद्रमार्गे आली, घाट चढून डोंगरावर गेली. पण दळलेल्या खडकातून निघालेले सोने मजुरीचा खर्चही भागवीना. एकामागून एक कंपन्या मोडल्या. हेडन आणि हॅच यांचा वायनाडवरील सविस्तर अभ्यास १९०१ मध्ये सर्वेक्षणाने प्रकाशित केला. सोने आहे, परंतु काढणे परवडेल इतके नाही, हे तेव्हा निर्विवाद झाले.

येथे एक बारकावा महत्त्वाचा आहे. वायनाडची कथा खोटी नव्हती. शिरा खऱ्या होत्या, सोनेही खरे होते. चूक होती ती नमुन्यावरून समग्राचा निष्कर्ष काढण्यात. पृष्ठभागाजवळच्या, उन्हापावसाने झिजलेल्या खडकात सोने पुष्कळदा एकवटलेले असते. तिथला वेचक तुकडा खालच्या शेकडो फुटांविषयी फारसे काही सांगत नाही. एका सुंदर कडव्यावरून संपूर्ण काव्यसंग्रहाची प्रत ठरवणारा समीक्षक आपल्यालाही अपरिचित नाही.

३

दुसरे ठिकाण म्हैसूर संस्थानातील कोलार. १८०२ मध्ये लेफ्टनंट जॉन वॉरन सरहद्दीच्या मोजणीसाठी या भागात आला असता त्याच्या कानावर सोन्याच्या गोष्टी आल्या. गावकऱ्यांकडून माती धुऊन घेतल्यावर त्याला कण मिळाले आणि त्याने ते लिहून ठेवले. हे लिखाण जवळजवळ ७० वर्षे पडून राहिले. मग बंगळूरमध्ये राहणाऱ्या मायकेल लॅव्हेल नावाच्या एका निवृत्त आयरिश सैनिकाने ते वाचले. तो न्यूझीलंडमधील लढायांत होता आणि तिथल्या सोन्याच्या शोधाचे वारे त्याच्या अंगावरून गेले होते. १८७३ मध्ये त्याने खोदकामाच्या परवानगीसाठी अर्ज केला आणि १८७५ मध्ये त्याला ती मिळाली. खोदण्याइतके पैसे मात्र त्याच्यापाशी नव्हते. हक्क हस्तांतरित झाले आणि १८८० मध्ये म्हैसूर गोल्ड मायनिंग कंपनी उभी राहिली. व्यवस्थापन लंडनच्या जॉन टेलर अँड सन्स या अनुभवी पेढीकडे होते.

सुरुवातीची वर्षे वायनाडसारखीच गेली. खोदले, हाती काही लागले नाही. भांडवल संपत आले, शेअर काही पेन्सांवर घसरले. उरलेली रक्कम वाटून घेऊन कंपनी बंद करावी, असे अनेक भागधारकांचे मत झाले. जॉन टेलर यांनी मात्र शेवटचा प्रयत्न करून पाहण्याचा आग्रह धरला आणि १८८३ मध्ये कॅप्टन प्लमर यांना कोलारला पाठवण्यात आले. प्लमर यांनी नव्या जागा शोधण्यापेक्षा प्राचीन खोदकामांच्या खुणांचा माग घेतला. जुन्या लोकांनी जिथे खोदणे सोडले त्याच्या खाली ते उतरले आणि पुढच्या दोनेक वर्षांत त्यांना जी शीर सापडली तिला पुढे 'चॅम्पियन' हे नाव मिळाले.

त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. म्हैसूरबरोबर उरीगाम, नंदीदुर्ग, चॅम्पियन रीफ या खाणीही नावारूपाला आल्या. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्र येथून कोलारला वीज आणली गेली. खाणी ३ किलोमीटरपेक्षा खोल गेल्या. २८ फेब्रुवारी २००१ रोजी त्या बंद झाल्या, तोवर सुमारे ८०० टन सोने निघाले होते.

४

आता आपण १८८३ सालच्या एखाद्या सामान्य भागधारकाच्या जागी स्वतःला कल्पून पाहू. त्याच्यापाशी वायनाडचे काही शेअर आहेत आणि काही कोलारचे. दोन्हीकडे प्राचीन खोदकामाच्या खुणा, दोन्हीकडे जाणत्यांचे अहवाल, दोन्हीकडे तीन वर्षांचे अपयश आणि आणखी पैशाची मागणी. कोणते ठेवावेत आणि कोणते विकावेत?

इतिहासाची पुस्तके हा प्रश्न सोपा करून टाकतात. टेलर दूरदर्शी आणि वायनाडचे भागधारक लोभी, अशी वाटणी सहज होते. पण ती निकालावरून केलेली आहे. वायनाडमध्येही शेवटच्या पैशापर्यंत धीर धरणारे लोक होते. त्यांच्या धीराची गोष्ट कोणी लिहिली नाही, कारण त्याखाली चॅम्पियन शीर नव्हती. जो गुण कोलारमध्ये चिकाटी ठरला तोच वायनाडमध्ये हटवादीपणा ठरला.

मग वाचकाला काहीच कळू शकत नव्हते का? माझ्या मते काही गोष्टी कळू शकत होत्या. पहिली म्हणजे पैसा कुठे जातो. वायनाडच्या पुष्कळ कंपन्यांत भांडवलाचा मोठा भाग जमिनीची किंमत म्हणून आधीच निघून गेला होता. विकणाऱ्याला लाभ खडकातून मिळणार नव्हता, भागधारकाकडूनच मिळत होता, आणि तो मिळाल्यावर खाली काय आहे याची त्याला फिकीर उरत नव्हती. दुसरी, पुरावा कशाचा आहे. शीर आहे हे एक विधान झाले, शिरेत सोने आहे हे दुसरे आणि ते नफ्याने काढता येईल हे तिसरे. वायनाडच्या उत्साहात पहिल्या दोहोंवरून तिसरे गृहीत धरले गेले. तिसरी, काम कोण करते. कोलारची सूत्रे खाणी चालवण्यात ज्यांचे आयुष्य गेले होते अशा लोकांकडे होती.

एवढ्याने कोलारचे पारडे थोडे जड होते, पण थोडेच. शिरेचे अस्तित्व या तीनही कसोट्यांवर सिद्ध होत नाही. उरतो तो अंधार आणि त्यात उतरायचे की नाही हा निर्णय. चांगले वाचन अंधार कमी करते, नाहीसा करीत नाही.

मुंबईच्या वाचकाला यातले काही नवे नव्हते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचा पैसा शहरात आला आणि १८६५ पर्यंत शेअरांचे जे वेड चालले त्याची हकीकत दिनशा वाच्छा यांनी १९१० मध्ये पुस्तकरूपाने लिहिली. बॅकबे भरावाच्या कंपनीचा पाच हजार रुपये भरणा असलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता. युद्ध संपले आणि १ जुलै १८६५ च्या वायद्याला सगळा डोलारा कोसळला. येथेही समुद्र खरा होता आणि भरावही शक्य होता. पुढे तिथे जमीन झालीच. वस्तू खरी असून तिची किंमत खोटी असू शकते, हा धडा पंधरा वर्षांपूर्वीच उपलब्ध होता.

५

पण कथा समूळ खोटी असेल तर? त्यासाठी शंभराहून अधिक वर्षे पुढे जाऊन बोर्निओ बेटावरील पूर्व कालिमंतान प्रांतात यावे लागते. तेथील बुसांग या जागेचे हक्क डेव्हिड वॉल्श यांच्या ब्रे-एक्स या कॅनडातील कॅल्गरीच्या छोट्या कंपनीने १९९३ मध्ये घेतले. शोधकार्य जॉन फेल्डरहॉफ आणि मायकेल दे गुझमान या भूगर्भशास्त्रज्ञांकडे होते. सुरुवातीचे वेध निष्फळ गेले, काम थांबवायची वेळ आली आणि अगदी त्याच क्षणी सोने लागले, असे सांगण्यात आले. कोलारची गोष्ट ठाऊक असलेल्या वाचकाला हे कथानक ओळखीचे वाटेल. ओळखीचे वाटणे हेच त्याचे बळ होते.

सोन्याचा अंदाज वाढत गेला. १९९७ च्या फेब्रुवारीत तो सुमारे ७ कोटी औंसांवर पोहोचला. काही सेंटांचा शेअर जुन्या हिशेबाने २८० डॉलरांच्या वर गेला होता आणि कंपनीचे बाजारमूल्य ६ अब्ज कॅनेडियन डॉलरांपलीकडे. इंडोनेशियाच्या सत्ताधाऱ्यांना वाटा हवा होता, बड्या खाण कंपन्यांत चुरस लागली. भागीदार म्हणून आलेल्या फ्रीपोर्ट-मॅकमोरन कंपनीने स्वतः वेध घेऊन पाहिले, तेव्हा नगण्य सोने आढळले. १९ मार्च १९९७ रोजी दे गुझमान हेलिकॉप्टरमधून खाली पडून मृत्युमुखी पडले. २६ मार्चला फ्रीपोर्टचे निष्कर्ष जाहीर झाले. मेच्या आरंभी स्ट्रॅथकोना या स्वतंत्र तपासणी संस्थेने निर्णय दिला की नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले गेले होते आणि बुसांगला खाण होण्याजोगे काहीच नव्हते. वॉल्श १९९८ मध्ये वारले. फेल्डरहॉफ यांच्यावर शेअरविक्रीसंबंधी खटला चालला आणि २००७ मध्ये ते निर्दोष सुटले. बुडालेल्यांत ऑन्टेरियोतील शिक्षकांचा निवृत्तिवेतन निधीही होता. माझ्या सहकाऱ्यांना हे सांगताना माझा स्वर किंचित बदलला असावा.

या प्रकरणातला एक तपशील मला फार बोलका वाटतो. खडकातून काढलेला दंडगोल गाभा उभा कापून अर्धा जपून ठेवायचा आणि अर्धा तपासणीस पाठवायचा, असा या व्यवसायातला रिवाज आहे. कोणाला शंका आली तर उरलेला अर्धा हिस्सा पुन्हा तपासता येतो. बुसांगचा गाभा जवळजवळ सगळाच्या सगळा भरडून टाकला गेला. त्यासाठी शास्त्रीय वाटणारे कारणही दिले गेले. म्हणजे मूळ प्रत नष्ट झाली आणि उरली ती नक्कल. हस्तलिखितांवर काम करणाऱ्या कोणत्याही अभ्यासकाने एवढ्यावरच भुवया उंचावल्या असत्या. तपासलेल्या सोन्याचे कण कडेने गोल झालेले होते, जसे नदीच्या वाळूत घासून होतात. खडकातल्या कणांना तशी गोलाई नसते. तक्त्यात हे दिसत नव्हते, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते.

खाणीत 'मीठ घालण्या'ची ही युक्ती जुनीच. मार्क ट्वेनच्या 'रफिंग इट' (१८७२) मध्ये नेवाडातील एका खाणीची हकीकत आहे. तिथे नाणी वितळवून ती खडकाचे रुपे म्हणून पसरली होती आणि एका ढेकळावर नाण्यावरची अर्धवट अक्षरे शिल्लक राहिल्याने बिंग फुटले. त्याच पुस्तकात ट्वेन कबूल करतो की वार्ताहर असताना आपल्याला खाणींचे हिस्से भेट मिळत आणि त्या बदल्यात खाणीविषयी चार बऱ्या ओळी लिहिल्या जात. खाणीबद्दल लिहिणाऱ्याच्या खिशात खाणीचा कागद असतो काय, हा प्रश्न आजही प्रत्येक माहितीपत्रकापुढे ठेवावा.

६

फसवणुकींनंतर नियम येतात. ऑस्ट्रेलियातील १९६९-७० च्या निकेलच्या तेजीनंतर खनिजसाठ्यांविषयी काय व कसे लिहावे याची संहिता तयार होत गेली आणि १९८९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. बुसांगनंतर कॅनडाने २००१ मध्ये स्वतःचे नियम आणले. 'अनुमानित', 'दर्शित', 'मोजलेला' अशा साठ्याच्या पायऱ्या आता सांगाव्या लागतात आणि जबाबदार तज्ज्ञाला आपल्या नावाने सही करावी लागते. आपल्याकडेही २०२३ च्या कायदादुरुस्तीने खोलवरच्या आणि महत्त्वाच्या खनिजांसाठी स्वतंत्र शोध-परवाना आणला. म्हणजे अशा कथा मराठी घरांतही यापुढे अधिक वेळा येणार. नियम विशेषणांना आळा घालतात, पण वाचकाच्या आशेला आळा घालणारा नियम कोठेच नाही. आणि कथेचा निम्मा भाग तर वाचकच लिहीत असतो.

सहकाऱ्यांची पुस्तिका मी याच प्रश्नांच्या उजेडात दोनदा वाचली. साठ्याची पायरी 'अनुमानित' होती, म्हणजे सर्वांत खालची. मुखपृष्ठावरचा ठळक आकडा एकाच वेधातील काही मीटरांचा होता आणि बाकीच्या वेधांचे आकडे शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत होते. गतवर्षीच्या खर्चात ड्रिलिंगपेक्षा प्रसिद्धी आणि कार्यालय यांवरची रक्कम मोठी होती. मी त्यांना म्हटले, "यात खोटे काही आहे असे मी म्हणणार नाही. कदाचित खाली चॅम्पियन शीर असेलही. पण जे गेले तर चालेल तेवढेच घाला आणि निवृत्तीचे पैसे जाऊन चालणार नाहीत."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे १८८३ साली तुम्ही कोलारचे शेअर विकले असते."

विकले असते. या प्रामाणिक उत्तराला मी बांधील आहे. सावध वाचकाच्या हातून कोलारही निसटते, ही सावधपणाची किंमत आहे आणि ती लपवून सल्ला देणे हेही एक माहितीपत्रकच झाले असते. मात्र कोलारच्या विजयगाथेतही एक बारीक अक्षरांचे पान आहे. लंडनला लाभांश गेला. खाली उतरले ते मुख्यतः उत्तर अर्काटसारख्या तमिळ भागांतून आलेले, बहुसंख्य दलित मजूर. त्यांच्या वाट्याला खडकांचे स्फोट आणि फुप्फुसातली धूळ आली. खाणी बंद झाल्यावर वस्त्यांपाशी उरले ते सायनाइडयुक्त मातीचे डोंगर. शेअर त्यांच्यापाशी कधीच नव्हते, जोखीम मात्र सगळी होती.

सहकाऱ्यांनी पुस्तिका नेली नाही. ती अजून माझ्या टेबलावर आहे. त्यांनी पैसे घातले की नाही हे मी विचारलेले नाही.